आकाशाला कान लावून बसलेली माणसं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून बोलायचं आणि गोष्ट सांगायची ती रेडिओ बंद ठेवण्याची, हे जरा विचित्र वाटेल. पण आजच्या विषयाची सुरुवात तिथूनच करायला हवी.

१९२४ सालचा ऑगस्ट महिना. मंगळ त्या वर्षी पृथ्वीच्या फार जवळ आला होता. मंगळावर कालवे आहेत, ते खोदणारी शहाणी प्रजा तिथे राहते, ही समजूत तेव्हा पुरती ओसरली नव्हती. डेव्हिड टॉड नावाच्या एका अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं कल्पना मांडली, की मंगळवासीयांना आपल्याशी बोलायचंच असेल तर याहून चांगली वेळ सापडणार नाही. तेव्हा देशभरातल्या रेडिओ केंद्रांनी दर तासाला पाच मिनिटं प्रक्षेपण थांबवावं आणि सगळ्यांनी फक्त ऐकावं. सगळ्याच केंद्रांनी हे मानलं नाही. पण अमेरिकी नौदलानं आपल्या केंद्रांना कान उघडे ठेवायला सांगितलं. संदेश आलाच तर त्याची उकल करायला लष्करातले सांकेतिक लिपीचे तज्ज्ञ विल्यम फ्रीडमन तयार होते. जेन्किन्स नावाच्या एका संशोधकानं आलेले रेडिओ संकेत कागदाच्या लांबलचक पट्टीवर टिपणारं यंत्र जोडून ठेवलं होतं. आणि या सगळ्यांच्या बरोबरीनं, घरी स्वतः जोडलेला रेडिओ संच घेऊन, कानाला हेडफोन लावून हौशी मंडळी बसली होती.

रेडिओ तेव्हा अगदी नवा होता. आपल्याकडे मुंबईत रेडिओ क्लबनं पहिलं प्रक्षेपण केलं ते १९२३ साली, म्हणजे जेमतेम वर्षभर आधी. हवेतून आवाज येतो हेच जिथे नवल, तिथे तो मंगळावरूनही येईल असं वाटणं अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही.

मंगळावरून काही आलं नाही. खरखर आली, पृथ्वीवरच्याच कुठल्या कुठल्या केंद्रांचे अर्धवट आवाज आले. जेन्किन्सच्या पट्टीवरच्या काळ्या ठिपक्यांत काहींना माणसाचे चेहरे दिसले. पण तो संदेश नव्हता.

आज मला बोलायचं आहे ते मंगळाबद्दल नव्हे, त्या हेडफोन लावून बसलेल्या माणसांबद्दल. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पगार नव्हता, बक्षीस नव्हतं. आणि तशी माणसं १९२४ नंतरही संपली नाहीत. उलट त्यांची संख्या वाढत वाढत पुढे लाखांवर गेली. परग्रहावरच्या जीवसृष्टीचा शोध हा विषय शास्त्रज्ञांचा. त्यात कारकून, शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त मंडळी, गृहिणी का शिरतात? त्यांना तिथे काय मिळतं? या शोधाचा इतिहास नीट पाहिला तर याचं उत्तर बऱ्यापैकी सापडतं.

अंगणातली दुर्बीण

आकाशातून रेडिओ लहरी येतात हे कार्ल जान्स्की या अभियंत्यानं १९३३ साली जाहीर केलं. तो एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होता. दूरध्वनीत खरखर कुठून येते, हे शोधताना त्याला हे सापडलं. कंपनीचं काम झालं आणि त्याला दुसऱ्या कामाला लावण्यात आलं. खगोलशास्त्रज्ञांनीही फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं ते ग्रोट रीबर या तरुण अभियंत्यानं. १९३७ साली त्यानं अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात व्हीटन या गावी, घराच्या अंगणात, स्वतःच्या पैशानं सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण उभी केली. दिवसा नोकरी आणि रात्री आकाश. पुढची जवळजवळ दहा वर्षं साऱ्या जगात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ म्हणावा असा हा एकटाच माणूस होता. म्हणजे आकाश ‘ऐकण्याचं’ हे शास्त्र अगदी लहान असताना एका हौशी माणसानं ते पोसलं.

दूरच्या ताऱ्याभोवती कोणी असेल तर त्याला ऐकायचं कसं, याचा नीट विचार झाला १९५९ साली. ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. त्यांचा मुद्दा सरळ होता. विश्वात सर्वांत जास्त आढळणारं मूलद्रव्य हायड्रोजन. ते १४२० मेगाहर्ट्झ या कंप्रतेला रेडिओ लहरी सोडतं. जो कोणी रेडिओ खगोलशास्त्र शिकला असेल, मग तो कुठल्याही ग्रहावरचा असो, त्याला ही कंप्रता ठाऊक असणारच. तेव्हा शोध तिथून सुरू करावा. यश येईल की नाही हे सांगता येत नाही, पण शोधलंच नाही तर यशाची शक्यता शून्य, असंही त्यांनी शेवटी म्हटलं होतं.

एप्रिल १९६० मध्ये फ्रँक ड्रेक या तिशीच्या आसपासच्या शास्त्रज्ञानं वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक इथली २६ मीटरची दुर्बीण टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन शेजारच्या ताऱ्यांकडे वळवली. आधुनिक शोधाची ही सुरुवात. तिथेही काही सापडलं नाही. पण एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली. तारे असंख्य, कंप्रता असंख्य, आणि ऐकायला कान मात्र दोन-चार. हे काम एका माणसाच्या आयुष्यात तर सोडाच, चार पिढ्यांतही संपणारं नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा कागद

ओहायो राज्यात ‘बिग इयर’ नावाची एक रेडिओ दुर्बीण होती. नावाचा अर्थ मोठा कान. जॉन क्राउस या प्राध्यापकांनी ती विद्यार्थ्यांच्या हातांनी, कमी खर्चात, वर्षानुवर्षं खपून उभारली होती. फुटबॉलच्या तीन मैदानांहून मोठा तिचा पसारा. १९७२ साली तिचं सरकारी अनुदान थांबलं. कर्मचाऱ्यांना पगार देणं शक्य राहिलं नाही. तेव्हा क्राउस आणि त्यांचे सहकारी बॉब डिक्सन यांनी १९७३ पासून ती परग्रहावरच्या संदेशांच्या शोधाला लावली. माणसं मिळाली ती बहुतेक बिनपगारी.

त्यातले एक जेरी एहमन. अनुदान थांबल्यावर त्यांची तिथली नोकरी गेली. ते दुसरीकडे शिकवू लागले, पण दुर्बिणीचं काम त्यांनी स्वेच्छेनं चालू ठेवलं. दुर्बिणीतून आकडे छापलेले कागदांचे गठ्ठे येत. ते घरी नेऊन एहमन फावल्या वेळात चाळत बसत. ऑगस्ट १९७७ मध्ये असाच एक गठ्ठा चाळताना त्यांना १५ तारखेच्या नोंदीत एक ओळ दिसली. ७२ सेकंद टिकलेला, आजूबाजूच्या खरखरीहून कितीतरी पटीनं जोरदार असा एक संकेत. त्यांनी लाल शाईनं त्याभोवती रिंगण केलं आणि शेजारी लिहिलं ‘वॉव!’ म्हणजे आपल्या भाषेत ‘अबब!’

जगभर ‘वॉव संकेत’ म्हणून गाजलेली ती हीच ओळ. तो संकेत पुन्हा कधी मिळाला नाही. त्याचा उगम कशात होता याबद्दल आजही वेगवेगळे तर्क चालू आहेत. पण तो टिपला, ओळखला आणि जपला तो पगार बंद झाल्यावरही कागद चाळत बसलेल्या माणसानं. दुर्बिणीखालची जमीन पुढे विकली गेली. १९९८ साली बिग इयर पाडण्यात आली आणि त्या जागी गोल्फचं मैदान वाढवलं गेलं.

सरकारनं हात काढून घेतला

या शोधाला सरकारी पाठबळ मिळालंच नाही असं नाही. कोलंबसाच्या सफरीला ५०० वर्षं झाली त्या दिवशी, १२ ऑक्टोबर १९९२ ला, ‘नासा’नं मोठ्या थाटात शोधमोहीम सुरू केली. वर्षाला साधारण सव्वा कोट डॉलर, म्हणजे ‘नासा’च्या एकूण खर्चात कोपऱ्यात दिसेल न दिसेल एवढी रक्कम. पण अमेरिकेत तेव्हा तुटीचा अर्थसंकल्प हा वादाचा विषय होता. नेवाडा राज्याचे सिनेटर रिचर्ड ब्रायन यांनी प्रश्न केला, की इतकी वर्षं पैसा घातला, एक तरी हिरवा माणूस सापडला का? १९९३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे वर्षभरातच, मोहिमेचा पैसा बंद झाला.

ब्रायन यांच्या प्रश्नाची थट्टा करणं सोपं आहे, पण तो प्रश्न खोटा नव्हता. करदात्याचा पैसा कुठे जातो हे विचारायलाच हवं. कधी फळ येईल, येईल की नाही, हेच सांगता येत नाही अशा कामाला सरकारनं किती वर्षं पैसा पुरवायचा? निवडणूक दर सहा वर्षांनी, आणि हा शोध कदाचित सहाशे वर्षांचा.

मग प्रश्न उरतो, की अशी कामं करायची कोणी? त्यानंतर तीन वाटा निघाल्या. पहिली श्रीमंतांच्या देणग्यांची. संगणक उद्योगातल्या काही धनिकांनी पैसा दिला आणि ‘नासा’च्या मोहिमेचा एक भाग ‘प्रोजेक्ट फिनिक्स’ या नावानं १९९५ ते २००४ या काळात चालू राहिला. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव त्याला मुद्दाम दिलं होतं. दुसरी वाट हौशी रेडिओवाल्यांची. १९९४ साली ‘सेटी लीग’ ही संस्था स्थापन झाली. त्या काळी घराघरांवर तीन-चार मीटरच्या उपग्रह वाहिन्यांच्या जुन्या डिश पडून होत्या, कारण लहान डिश बाजारात आल्या होत्या. त्या भंगारातल्या डिशला चांगला रिसीव्हर आणि घरचा संगणक जोडला की परसातली रेडिओ दुर्बीण तयार. जगभर अशी ५,००० केंद्रं उभारून आकाशाची कुठलीच दिशा मोकळी सोडायची नाही, असा संकल्प १९९६ साली सोडला गेला. पाच हजारांचा पल्ला कधीच गाठला गेला नाही. कारण डिश, सोल्डरिंग आणि तांत्रिक ज्ञान ही प्रत्येकाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

तिसरी वाट मात्र कोणाच्याही आवाक्यातली होती.

तांदूळ निवडायला गल्ली बसली

१९९५ च्या सुमारास डेव्हिड गेडी या संगणकतज्ज्ञाला एक कल्पना सुचली. त्याचे एके काळचे शिक्षक डेव्हिड अँडरसन आणि बर्कली विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ डॅन वर्थायमर यांनी ती उचलली. अडचण अशी होती, की प्युर्टो रिको बेटावरच्या आरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या प्रचंड दुर्बिणीतून माहितीचा लोंढा येत होता. ती पिंजून काढायला महासंगणक हवा आणि महासंगणकाला पैसे हवेत. पण लाखो घरांत, कचेऱ्यांत संगणक नुसते चालू असतात. मालक चहा प्यायला गेला की पडद्यावर मासे नाहीतर नळकांडी फिरत राहतात. त्या रिकाम्या वेळात त्या संगणकानं थोडं काम केलं तर?

हे काम कसं चालायचं ते सांगतो. एक पोतं भरून तांदूळ निवडायचे आहेत. एकटी बाई बसली तर महिना जाईल. पण गल्लीतल्या शंभर घरांत एकेक ताट दिलं तर दुपारपर्यंत काम उरकतं. एका ताटातल्या खड्याचा दुसऱ्या ताटाशी संबंध नसतो, त्यामुळे शेजारणीला काय सापडलं हे विचारत बसावं लागत नाही. आकाशातल्या माहितीचंही तसंच आहे. आरेसिबोत ती फितींवर साठवली जाई. तिथून ती इंटरनेटवरून पाठवणं तेव्हा परवडणारं नव्हतं, म्हणून फिती चक्क टपालानं बर्कलीला येत. बर्कलीत त्या माहितीचे तुकडे पाडले जात. एकेका तुकड्यात सुमारे १०७ सेकंदांचं आकाश आणि एक चिंचोळी कंप्रतापट्टी. आकारानं तुकडा एक मेगाबाइटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या संथ इंटरनेटलाही झेपेल असा. तो घरच्या संगणकावर उतरे, संगणक दहा-वीस तास, कधी त्याहूनही जास्त वेळ आकडेमोड करी आणि निष्कर्ष परत पाठवी.

संगणक शोधत काय होता? दुर्बिणीसमोरून आकाश सरकत असतं. दूरच्या ताऱ्याकडून संकेत आला तर तो साधारण १२ सेकंदांत हळूहळू चढेल आणि हळूहळू उतरेल. पृथ्वीवरचा रडार किंवा विमान असं शिस्तीत वागत नाही. शिवाय येणारी गाडी शिट्टी वाजवत स्टेशनातून पुढे गेली की शिट्टीचा सूर बदलतो, तसा ग्रह फिरत असल्यानं तिथल्या संकेताचा सूरही सरकत राहील. हा सरकता सूर किती वेगानं सरकतो हे आधी ठाऊक नसतं, म्हणून हजारो शक्यता तपासून पाहाव्या लागतात. सगळी मेहनत त्यातच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आरेसिबोची दुर्बीण या शोधासाठी राखून ठेवलेली नव्हती. इतर शास्त्रज्ञ आपापल्या कामासाठी तिला हव्या त्या दिशेला वळवत, आणि हा रिसीव्हर बाजूला बसून जे समोर येईल ते टिपून घेई. कापणी झालेल्या शेतात सरवा वेचावा तसा हा प्रकार. दुसऱ्याच्या दुर्बिणीचा उरलेला वेळ आणि लोकांच्या संगणकांचा उरलेला वेळ, यावर सारा डोलारा उभा होता.

१७ मे १९९९ ला ‘सेटी अॅट होम’ सुरू झालं. सुरुवातीचा पैसा ‘प्लॅनेटरी सोसायटी’ या लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेनं आणि ‘स्टार ट्रेक’ चित्रपट काढणाऱ्या कंपनीनं निम्मा निम्मा दिला. लाखभर लोक आले तरी पुष्कळ, असा आयोजकांचा अंदाज होता. पहिल्याच आठवड्यात दोन लाखांहून अधिक आले. पुढच्या काळात दोनशेहून जास्त देशांतले, भारतातलेही, मिळून ५० लाखांहून अधिक लोक यात सामील झाले. सप्टेंबर २००१ पर्यंत या घरगुती संगणकांनी केलेल्या आकडेमोडीची संख्या एकावर एकवीस शून्यं इतकी झाली. तोवर जगात कुठल्याच एका कामासाठी एवढं गणित कोणी केलेलं नव्हतं.

का आले एवढे लोक?

आयोजकांनी सहभागी लोकांनाच हे विचारलं होतं. निम्म्याहून अधिक लोकांनी सांगितलं, की साऱ्या मानवजातीसाठी हा शोध लागावा असं वाटतं म्हणून. आपला संगणक नुसता पडून राहू नये म्हणून आलो, असं सांगणारेही बरेच होते. स्वतःचं नाव व्हावं म्हणून आलेले अगदी थोडे निघाले.

अर्थात, माणूस प्रश्नावलीत लिहितो ते सगळंच खरं मानायचं कारण नाही. प्रत्यक्षात काय दिसलं? कोणी किती तुकडे तपासले याची यादी प्रसिद्ध होई आणि त्या यादीत वर चढण्यासाठी चुरस लागे. विद्यापीठांचे, कंपन्यांचे, देशांचे संघ तयार झाले. शंभर तुकडे झाले की प्रमाणपत्र. ते छापून भिंतीवर लावणारे होते. काहींनी आकडा वाढवण्यासाठी नवे संगणक विकत घेतले. काहींनी कार्यक्रमात फेरफार केले, तर काहींनी काम न करताच खोटे निष्कर्ष पाठवले. म्हणून आयोजकांना एकच तुकडा एकाहून अधिक जणांकडे पाठवून उत्तरं ताडून पाहावी लागली. काहींनी नोकरीच्या ठिकाणच्या संगणकांवर परवानगी न घेता हा कार्यक्रम चढवला आणि वीजबिल वाढलं. २००९ साली अमेरिकेत अॅरिझोना राज्यातल्या एका शाळा-व्यवस्थेच्या संगणक अधिकाऱ्याला याच कारणावरून नोकरी सोडावी लागली. विश्वाचा शोध घ्यायला निघालेली माणसंही अखेर माणसंच. त्यांच्यात ईर्षा आहे, लबाडी आहे, दुसऱ्याच्या विजेवर आपली हौस भागवणं आहे.

पण नुसत्या ईर्षेनं माणूस वर्षानुवर्षं टिकत नाही. चुरस तर पत्त्यांतही असते. मला वाटतं, इथे एक वेगळी भूक भागत होती. विसाव्या शतकात विज्ञान जसजसं मोठं झालं तसतसं ते सामान्य माणसाच्या हातून निसटत गेलं. रीबरला अंगणात दुर्बीण बांधता आली. आज एका प्रयोगासाठी हजार शास्त्रज्ञ आणि अब्जावधी रुपये लागतात. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि कर भरायचा. ‘आपण एकटेच आहोत का?’ हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांचा राखीव नाही. गच्चीवर अंथरूण टाकून पडलेल्या प्रत्येकाला तो पडलेला असतो. ज्याला तो पडतो त्याला त्याचं थोडं का होईना, खरंखुरं काम करायला मिळालं, हे या उपक्रमाचं आकर्षण होतं. लुटुपुटूचं नव्हे, खरं काम. तुमच्या संगणकावर आलेल्या १०७ सेकंदांच्या आकाशात जर संकेत असेल, तर शोधकर्त्यांत तुमचं नाव येणार होतं. शक्यता नगण्य. पण शून्य नव्हे.

आणि सापडलं नाही तरी तुमचं काम वाया जात नव्हतं. तांदळात खडा सापडला नाही म्हणून निवडणं फुकट गेलं असं कोणी म्हणत नाही. ‘या दिशेला, या कंप्रतेवर, एवढ्या ताकदीचा संकेत नाही’ ही सुद्धा एक नोंद आहे, आणि ती कोणीतरी करायलाच हवी.

हिशेब

मग पदरात काय पडलं? सरळ सांगायचं तर परग्रहावरचा खात्रीचा संदेश आजवर कोणालाही मिळालेला नाही. ३१ मार्च २०२० ला ‘सेटी अॅट होम’नं लोकांकडे नवे तुकडे पाठवणं थांबवलं. आवश्यक तेवढी माहिती तपासून झाली होती आणि मोजक्या माणसांना आता त्या निष्कर्षांकडे लक्ष द्यायचं होतं. त्याच वर्षी १ डिसेंबरला आरेसिबोच्या दुर्बिणीवर टांगलेला शेकडो टनांचा सांगाडा तुटून तबकडीवर कोसळला आणि दुर्बीण संपली.

लोकांच्या संगणकांनी मिळून सुमारे १२ अब्ज नोंदी करून ठेवल्या होत्या. पृथ्वीवरच्या गोंगाटातून त्या चाळत चाळत बर्कलीच्या मंडळींनी शंभरेक ठिकाणं वेगळी काढली. चीनमधल्या ‘फास्ट’ या ५०० मीटरच्या दुर्बिणीनं २०२५ सालापासून ती ठिकाणं पुन्हा तपासायला घेतली. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणा घरच्या संगणकानं केलेली नोंद आज जगातली सर्वांत मोठी तबकडी पडताळून पाहते आहे. त्यातून काही निघेल अशी आशा फारशी कोणी धरलेली नाही. पण पडताळणी होते आहे, हे महत्त्वाचं.

दुसरा लाभ कोणी मागितला नव्हता. तुकडे पाडून घरोघर वाटण्याची ही रीत अँडरसन यांनी सर्वांसाठी खुली केली. त्याच रीतीवर ‘आइन्स्टाइन अॅट होम’ हा दुसरा उपक्रम २००५ साली सुरू झाला. २०१० साली त्यात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक माणूस यांच्या संगणकांनी आरेसिबोच्याच माहितीतून एक नवा स्पंदक तारा शोधून काढला. प्रथिनांच्या घड्या कशा पडतात, हवामान कसं बदलेल, अशा प्रश्नांसाठीही लोकांचे संगणक राबू लागले.

यापुढचं पाऊल म्हणजे संगणकाऐवजी माणसाचे डोळेच वापरणं. ‘प्लॅनेट हंटर्स’ या उपक्रमात लोक केप्लर दुर्बिणीनं टिपलेले ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख पाहत आणि ग्रह समोरून गेल्याची खूण शोधत. एका ताऱ्याचा प्रकाश अगदी वेडावाकडा, कधी पाचव्या हिश्श्याइतका कमी होतो, हे या हौशी मंडळींच्या डोळ्यांना दिसलं. संगणकाला ते ग्रहाच्या साच्यात बसणारं वाटलं नव्हतं. टबेथा बोयाजियन यांच्या नेतृत्वाखाली २०१५ साली पुढे आलेल्या शोधनिबंधावर त्या स्वयंसेवकांचीही नावं लेखक म्हणून आहेत. परग्रहवासीयांनी ताऱ्याभोवती काही बांधकाम केलं असावं, अशी चर्चा जगभर झाली. पुढच्या निरीक्षणांसाठी लोकांनी एक लाख डॉलरहून अधिक वर्गणी गोळा केली. २०१८ साली उत्तर आलं : बहुधा धूळ. वर्गणी देणाऱ्यांनी आपल्याच पैशानं आपलीच रम्य कल्पना खोडून घेतली. विज्ञानावरचा विश्वास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

आपल्या जवळचं एक उदाहरण सांगतो. ते जीवसृष्टीच्या शोधाचं नाही, पण भूक तीच आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे पंचक्रोशीतल्या शाळांची मुलं आणि गावकरी गर्दी करतात. त्याच दुर्बिणीची माहिती तपासायला देशभरातल्या विद्यार्थ्यांना आणि हौशी लोकांना शिकवणारा ‘रॅड अॅट होम’ हा उपक्रम २०१३ पासून चालतो. बर्कलीचं ते ‘अॅट होम’ असं आपल्या अंगणापर्यंत पोचलं आहे.

आज परग्रहावरच्या संदेशांच्या शोधाला पैसा कमी नाही. युरी मिलनर या धनिकानं २०१५ साली दहा वर्षांसाठी दहा कोट डॉलरची मोहीम जाहीर केली. संगणकही इतके वेगवान झाले, की दुर्बिणीशेजारच्या खोलीतच ते सारं गणित उरकतात. घरोघरच्या ताटांची गरज फारशी राहिलेली नाही. शोधाच्या दृष्टीनं ही प्रगतीच आहे. पण एका धनिकाचा पैसा एका सहीनं येतो आणि एका सहीनं थांबतो, आणि सिनेटमध्ये विरोध झाला की काय होतं हे १९९३ साली दिसलंच. पन्नास लाख लोक ज्या कामात थोडे थोडे गुंतलेले असतात ते असं एका दिवसात बंद पाडता येत नाही.

म्हणून लोकांच्या संगणकांची गरज संपली तरी लोकांची गरज संपली असं मला वाटत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्या हयातीत मिळणार नाही हे ठाऊक आहे, तो प्रश्न पुढच्या पिढीच्या हाती जिवंत सोपवायचा असेल, तर तो चार शास्त्रज्ञांच्या कपाटात ठेवून चालत नाही. तो घरोघरी असावा लागतो. तुमच्या घरातलं एखादं मूल रात्री गच्चीवर उभं राहून विचारेल, तिकडे कोणी असेल का? ‘माहीत नाही’ हेच त्याचं खरं उत्तर आहे. पण त्याच्यापुढे एवढं जरूर सांगा, की ते शोधायला मदत करणारी तुझ्या-माझ्यासारखी लाखो माणसं होऊन गेली, आणि अजून बरंच आकाश तपासायचं राहिलं आहे.